पूर्वज्ञान

साहित्यसमीक्षेत 'नवा' हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो. एखाद्या कवितासंग्रहाला नवतेचे श्रेय दिले आणि ते पुढे टिकले नाही, तर फार तर एखादा समानधर्मी आपला मतभेद नोंदवतो. पेटंटच्या वकिलाला मात्र या शब्दाची किंमत मोजावी लागते. त्याने ज्याला नवे म्हटले ते जगात कोठेही, कोणत्याही भाषेत आधी प्रसिद्ध झालेले आढळले, तर अशिलाचा हक्कच कोसळतो. या 'आधीच ठाऊक असलेल्या'ला मी मनाशी 'पूर्वज्ञान' म्हणत आलो आहे. हा शब्द ज्यांच्या सहवासात मला सुचला ते कुंभकोणमचे एक तंजावरी मराठी गृहस्थ.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद पाहण्यासाठी मी त्या भागात अनेकदा गेलो. भोसल्यांची गादी 1855 मध्ये संपली, तरी मराठी घरे कावेरीकाठीच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव 1828 मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. माझ्या स्नेह्यांचे घराणे असे नामांकित नाही. घरात बोलणे मराठी. लिहिणे-वाचणे तमिळ आणि इंग्रजी.

ते मूळचे यंत्र अभियंता. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात इंजिनाच्या सुट्या भागांचे आराखडे काढण्यात त्यांची पहिली दहा वर्षे गेली. त्यांनी सुचविलेली एक सुधारणा वेळेवर नोंदवली गेली नाही आणि पुढे ती दुसऱ्याच्या नावावर दिसली. वस्तू घडविणे आणि ती शब्दांत बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यांना तेव्हा उमगले. त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पेटंट एजंटाच्या परीक्षेला बसण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांतील पदवी लागते. ती त्यांच्यापाशी होतीच. गेली पंचवीस वर्षे ते हेच काम करीत आहेत.

या कामाचा गाभा म्हणजे 'दावा'. शोधाची मर्यादा सांगणारा प्रत्येक दावा, कितीही लांबला तरी, एकाच वाक्यात लिहिण्याचा प्रघात आहे. त्यात एक विशेषण अधिक पडले तर हक्काचे क्षेत्र आक्रसते आणि एक कमी पडले तर तो पूर्वज्ञानावर जाऊन आदळतो. ते मला बजाज ऑटो आणि टीव्हीएस यांच्या वादाचे उदाहरण देत. लहान व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग बसविण्याच्या बजाजच्या पेटंटवरून हा वाद 2007 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेला. टीव्हीएसच्या इंजिनातही दोन प्लग होते. पण झडपा तीन होत्या. फेब्रुवारी 2008 मध्ये एका न्यायमूर्तींनी टीव्हीएसला मनाई केली. मे 2009 मध्ये खंडपीठाने ती उठवली. तेच इंजिन, तेच शब्द आणि दोन वाचने! अर्थनिर्णयाचा इतका महागडा प्रसंग आमच्या क्षेत्रात क्वचितच येतो.

हळदीच्या पेटंटाची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते 1997 मध्ये रद्द करविले. माझ्या स्नेह्यांना त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. घराघरांतल्या आजीला जे माहीत होते ते पुरावा म्हणून चालले नाही. जुना संस्कृत ग्रंथ आणि 1953 मधील वैद्यकीय नियतकालिकातील लेख चालला. ज्ञान असणे पुरेसे नाही. ते लिहिलेले असावे लागते आणि लिहिलेले कोणी वाचणारा असावा लागतो.

अलीकडे ते भौगोलिक निर्देशनाच्या नोंदणीतही लक्ष घालतात. कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला 2025 मध्ये हे निर्देशन मिळाले. जवळच्या स्वामीमलैच्या कांस्यमूर्तींना ते त्याआधीच मिळाले होते. तेथील स्थपती मेणाच्या मूर्तीवर कावेरीकाठच्या मातीचा साचा चढवतात, आणि ओतकाम झाले की साचा फोडतात. म्हणून प्रत्येक मूर्ती एकमेव. तरी कोणी तिला नवी म्हणत नाही. येथे अर्जदाराला उलट जुनेपणच सिद्ध करावे लागते. जो जुना कागद पेटंटाला मारतो, तोच निर्देशनाला तारतो.

अशाच बोलण्यातून एकदा त्यांनी पणजोबांची वही माझ्यापुढे ठेवली. मोडीतली, कडा वाळवीने खाल्लेली. दुसऱ्यांच्या शोधांसाठी जगभरचे पूर्वज्ञान धुंडाळणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातली ही वही वाचता येत नव्हती. मी वाचू लागलो. बहुतेक पाने भाताच्या मोजमापाची आणि उसनवारीची. एका पानावर मात्र खोकल्यावरचा काढा होता आणि तेथे मी अडलो. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात. अक्षरे लागत होती. शब्द लागत नव्हता. मी ती एकेक करून उच्चारली : आ, डा, तो, डै. ते चटकन म्हणाले, "आडातोडै!" आणि अंगणातून एक पाला तोडून आणला. तो आपला अडुळसा होता. मराठी लिपीत तमिळ शब्द लिहिलेला. मला लिपी येत होती आणि त्यांना शब्द. दोघांपैकी एकटा कोणीही ते पान वाचू शकला नसता.

सरस्वती महालातील मोडी कागद निदान एका छताखाली आहेत. कावेरीकाठच्या घरांतल्या अशा वह्या कोणत्याही सूचीत आपोआप जात नाहीत. मोडी वाचणारे महाराष्ट्रात थोडे आणि त्यांतले तमिळ जाणणारे त्याहून थोडे. उद्या कोणी यातल्या एखाद्या काढ्यावर हक्क सांगितला, तर न वाचलेली वही कोणाच्या बाजूने साक्ष देणार?

गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा त्यांनी वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून त्यावर क्रमांक घातले होते, न्यायालयात दाखल करायच्या कागदांसारखे. शेजारी आलेखाचा कागद होता. त्यावर चौकटी मोजून, अभियंत्याच्या शिस्तीने, ते मोडीची अक्षरे गिरवीत होते. 'ड' अजून नीट वळत नव्हता.