चपलांच्या रॅकवरचा फोटो

पनवेल

चि. छकुलीस,


टोरांटोच्या त्या बाकावर झोपलेल्या ब्राँझच्या येशूचा फोटो मिळाला. तोंडावरून पांघरूण, आणि उघड्या पावलांवर खिळ्यांचे व्रण. मलाही आधी कुणी भिकारीच वाटला. अमेरिकेत डेव्हिडसन गावी चर्चबाहेर टिमोथी श्माल्झचं हेच शिल्प बसवलं, तेव्हा एका बाईंनी खरा माणूस समजून थेट पोलिसांना फोन केला होता!

खाली तुझा प्रश्न: आपल्या घरी गाडगेबाबांचा फोटो देवघरात का नाही? दाराबाहेर, चपलांच्या रॅकवर का? ते परीट समाजाचे म्हणून? झोंबलं गं, पण विचारलंस ते बरं केलंस.

खिळा आप्पांनीच ठोकला. आजी चिडली, तर म्हणाले, "पंढरपुरात जाऊन जो देवळात शिरला नाही, त्याला मी आपल्या देवघरात कशाला कोंडू?"

अमरावती जिल्ह्यातले हे डेबूजी जानोरकर. १९०५ साली घर सोडलं ते कायमचं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. फुटक्या गाडग्यात जेवायचं आणि तेच डोक्यावर पालथं घालायचं. गावात आले की आधी गटारं आणि रस्ते साफ, कीर्तन रात्री. कीर्तन कसलं, उलटतपासणीच ती. देवाला आंघोळ तुम्ही घालता, धोतर तुम्ही नेसवता, नैवेद्याला कुत्रं आलं तर काठी घेऊन तुम्हीच धावता. मग तो तुमचं काय राखणार? लोक हसत, मान डोलावत, आणि वर्गणीही देत. त्या पैशांतून बाबांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरीत अस्पृश्य वारकऱ्यांना कोणी ओसरी देत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे, हे आप्पा आवर्जून सांगायचे. बाबा स्वतः वाळवंट झाडत राहिले.

आता आमचं ऐक. आमच्या इथल्या एका देवळाच्या ओसरीवर पावसाळ्यात एक म्हातारा झोपायचा. वास येतो, अशी कुरकुर सुरू झाली आणि ओसरीला चॅनेल गेट बसलं. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी तो गेटबाहेर बसलेला, देवाकडे पाठ करून. पाऊस अंगावर. कुणी प्रसाद पुढे केला तर हात बाहेर काढला नाही, मानही वळवली नाही. चार दिवस हेच चाललं. आम्ही टाळ्या वाजवत त्याच्या पाठीकडे बघत होतो. पाचव्या दिवशी तो नव्हता. स्टेशनवर, रिक्षा स्टँडवर विचारलं, कुणाला ठाऊक नाही.

गेटच्या वर्गणीत माझे पाचशे आहेत. पावती देवघराच्या खणात सापडली. कुंकवाच्या करंड्याखाली मीच जपून ठेवलेली.

तुला हवा तो फोटो काढून पाठवते. काच पावसाने धुरकटली आहे, तेवढी पुसते. खाली चपला दिसतील, त्या काही हलवत नाही.

तुझी,
आत्या