आरशातला डाव

दातिवऱ्याच्या आमच्या घरी बुद्धिबळाचा पट तीन वर्षे कपाटावर पडून होता. पत्नीला पक्षाघात झाला आणि तिच्या औषधांच्या वेळा हेच माझे घड्याळ झाले. ती अंगणात येईनाशी झाली, तसे मीही खाडीकाठी फिरणे सोडले. ती कमी जेवे, म्हणून मीही अर्ध्या भाकरीवर उठे. यालाच मी सेवा समजत होतो.

गेल्या हिवाळ्यात पालघरला हौशी खेळाडूंची स्पर्धा होती. सून म्हणाली, “बाबा, आज आईंजवळ मी आहे. तुम्ही जाऊन या.” सफाळ्यापर्यंत एसटी, पुढे लोकल, तेवढ्या प्रवासातही मी दोनदा घरी फोन केला.

समोर एक महाविद्यालयीन मुलगा बसला. पांढरी मोहरी माझी. मी वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. हॉवर्ड स्टाँटन या इंग्रज खेळाडूने १८४३ मधील सामन्यात वापरल्यामुळे या सुरुवातीला ‘इंग्लिश ओपनिंग’ म्हणतात. मुलानेही तेच प्यादे सरकवले. मी घोडा काढला, त्यानेही काढला. सहा चालींत दोघांचे उंट लांब तिरप्या रेषेवर बसले, दोघांचे किल्लेकोट झाले. पट म्हणजे आरसाच. अशा स्थितीत सुरक्षित वाटते; पण कोणीतरी आरसा मोडल्याखेरीज डाव पुढे सरकत नाही. सातव्या चालीला मी वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले. मारामारी झाली, माझा वजीर उघड्यावर आला, जीव धास्तावला. तरी अखेर बरोबरी साधली.

परतताना उमगले, की घरीही मी आजाराच्या प्रत्येक चालीची नक्कलच करीत होतो. तिचे थांबणे तिच्या हाती नव्हते. माझे मात्र होते.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००३ साली ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पटावरचे खेळ खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. मात्र खेळामुळेच तो टळतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मला त्या दिवशी लाभले ते एवढेच : घरी आलो तेव्हा सांगण्याजोगे काहीतरी माझ्यापाशी होते.

“जिंकलात?” तिने अडखळत विचारले.

“बरोबरी,” मी म्हणालो आणि कपाटावरचा पट खाली काढला.