विस्तव

आमच्या घरात भिंतीवर दोन पुरस्कार आहेत. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक आणि दोन्ही पुरस्कार आदर्श शिक्षकाचे. त्यांसाठी अर्ज आम्हीच केले होते, प्रस्तावाच्या तीन-तीन प्रती पदरच्या पैशाने बांधून दिल्या होत्या. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, फोटो निघाला. "देणाऱ्यांपैकी कुणी तुमच्या वर्गात येऊन एक तास तरी बसला होता का?" असे आमच्या मुलाने एकदा विचारले. आम्ही त्याला रागावलो. उत्तर मात्र दिले नाही.

हा मुलगा मिरजेतल्या आमच्या घरात, माडीवरच्या खोलीत बसून कॉम्प्युटरचे गेम बनवतो. खेळतो नव्हे, बनवतो. हा फरक समजायला आम्हाला चार वर्षे लागली. लग्नाकार्यात कुणी विचारले, "साहेबजादे काय करतात?" तर आम्ही म्हणायचो, "कॉम्प्युटरचं काहीतरी करतात," आणि विषय बदलायचो.

गेम म्हटले की आमच्या पिढीला 'प्रिन्स' आठवतो. शिक्षकांच्या कॉम्प्युटर वर्गात सर बाहेर गेले की आम्ही तोच लावायचो. पांढऱ्या कपड्यांतला एक पोरगा तळघरातून धावतो, उड्या मारतो, खिळ्यांवर पडून मरतो. त्यातला दुष्ट वजीर जाफर. आमच्या बॅचमध्ये त्याच नावाचे एक सर होते, त्यांची काय अवस्था झाली असेल ते वाचकांनी समजून घ्यावे. हा खेळ १९८९ साली जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने बनवला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रण केले आणि त्या एकेका चित्रावरून प्रिन्सची चाल उतरवली. हे सारे कळते ते त्याच्या रोजनिशीतून. खेळ पुरा होईल की नाही, की सगळे सोडून सिनेमे लिहावेत, ही त्याची घालमेल तीत आहे. ती रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने निघाली. मुलाने आम्हाला ती दाखवली तेव्हा आम्ही म्हणालो, "तो मोठा माणूस, त्याची डायरी लोक वाचणारच."

२००२ साली 'लुडम डेअर' नावाची एक स्पर्धा सुरू झाली. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'खेळ देणे'. विषय मतदानाने ठरायचा आणि ऐन वेळी जाहीर व्हायचा. मग ४८ तासांत, एकट्याने, चित्रे, आवाज, संगीत सारे स्वतः करून खेळ पुरा करायचा आणि त्याची सगळी आतली मांडणीही उघडी ठेवायची. परीक्षक कोण? तर भाग घेणारेच. एकमेकांचे खेळ खेळून मजा, नावीन्य, चित्रे, आवाज, वातावरण अशा सदरांत पाचपैकी तारे द्यायचे. रोख बक्षीस नाही, ढाल नाही. आणि निदान वीस जणांनी खेळून गुण दिल्याशिवाय तुमचा क्रमांकच लागत नसे. हा नियम ऐकून आम्ही भिंतीकडे पाहिले.

बरेच जण खेळाबरोबर रोजनिशीही लिहीत. काय जमले, काय फसले, कुठे झोप लागली. शेवटच्या टिपणाला 'पोस्टमॉर्टेम' म्हणायचे. तो शब्द प्रथम ऐकला तेव्हा घरातल्या दादींनी "अल्ला खैर करे" म्हटले होते.

या घाईच्या कामातून काय निघणार, असे वाटेल. पण डिसेंबर २०१८ मध्ये विषय होता 'कुर्बानी द्यावीच लागेल'. (आम्हाला हसू आले, तुम्हालाही येईल.) त्यावर डॅनियल मलिन्स याने पत्त्यांचा एक छोटा खेळ केला. तोच वाढून २०२१ साली 'इन्स्क्रिप्शन' झाला आणि २०२२ मध्ये स्वतंत्र खेळांच्या महोत्सवातले सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. ते पारितोषिक शेमस मॅकनली याच्या नावाचे आहे. हा कॅनडातला मुलगा घरच्यांबरोबर छोटीशी कंपनी चालवून खेळ बनवायचा. २००० साली 'ट्रेड मार्क्स' या त्याच्या खेळाला तेच पारितोषिक मिळाले आणि काही दिवसांतच, ऐन तरुणपणी, तो कॅन्सरने गेला. हे वाचले त्या रात्री आम्ही दोनदा माडीवर जाऊन आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, काय हवंय?" काही नको होते.

आता २०२०. मार्चअखेर दिल्लीच्या मरकजच्या बातम्या सुरू झाल्या आणि पुढे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. १८ एप्रिलला शनिवारी सकाळी स्पर्धेचा विषय जाहीर झाला, 'जिवंत ठेवा'. सगळे जग आजारात असताना हाच विषय मतांनी निवडून यावा! मुलगा चहा न घेताच वर गेला आणि तासाभराने दादींच्या खाटेशी येऊन बसला.

दादींच्या लहानपणी आगपेटी जपून वापरायची वस्तू होती. सकाळी चूल पेटवायला शेजारून विस्तव आणायचा. खापरावर निखारा, वर राख, हाताचा आडोसा, आणि घरी पोचेपर्यंत हलकी फुंकर. "जिसका चुल्हा पहले सुलगा, उसके घर से लाते थे. जात कौन पूछता?" एवढेच त्या म्हणाल्या. मराठीत दोन घरांचे बिनसले की त्यांच्यात विस्तवही जात नाही म्हणतात, ते आम्ही त्याला सांगितले. तो म्हणाला, "हाच खेळ."

खेळ अगदी साधा. एक मुलगी खापरावर निखारा घेऊन गल्लीतून चालते. वारा आला की निखारा विझू लागतो. दार ठोठवायचे. उघडले तर गोवरीचा तुकडा मिळतो, नाही उघडले तर पुढचे दार. त्यातली फुंकर दादींची आहे, खोकल्यासकट. दाराची कडी आमच्या न्हाणीघराची.

सोमवारी सकाळी त्याने खेळ पाठवला आणि तो झोपला. रोजनिशी इंग्रजीत होती, डिक्शनरी घेऊन बसावे लागले. आम्ही ती चोरून वाचली नाही. ती जगासाठी उघडी होती, फक्त आम्हीच वाचली नव्हती.

पहिल्या रात्रीचे टिपण असे की, त्याने दारांवर नावांच्या पाट्या लावल्या होत्या. काही नावांची दारे मुलीला पाहून उघडत नसत. खाली लिहिले होते की, ज्या दुकानातून आमच्या घरात तीस वर्षे किराणा येतो, तिथे त्या आठवड्यात त्याला लांबूनच हात हलवून परत पाठवले होते. आम्हाला त्याने "साखर संपलीय" एवढेच सांगितले होते. साखर त्याने पार स्टेशनच्या बाजूने आणली होती.

दुसऱ्या रात्रीच्या टिपणात पाट्या काढून टाकल्या होत्या. कारण दिले होते की, नाव वाचता आले तर खेळणारा त्या दाराकडे जाणारच नाही, ठोठावणारच नाही. मला त्याने प्रत्येक दार ठोठवायला हवे आहे.

यावरून आम्हा दोघांत वाद झाला, तो आजही मिटलेला नाही. एकाचे म्हणणे, पोराने मोठे मन दाखवले, खेळही सुधारला. दुसऱ्याचे म्हणणे, झाले ते झाले म्हणून लिहायला हवे होते. पाट्या काढल्या की दार कुणी लावले हे जगाला कसे कळणार? कोणाचे म्हणणे कोणते, ते इथे सांगत नाही. दोघांचे एकमत झाले ते एवढ्यावरच की रोजनिशी नसती तर पाट्या होत्या हेच कुणाला कळले नसते.

मतदानाचे आठवडे आणि रमजान बरोबरच आले. पहिल्या आठवड्यात त्याच्या खेळाला अकरा जणांनीच गुण दिले. दुसऱ्यांचे खेळ मनापासून खेळून अभिप्राय लिहावे, तर तुमच्या खेळाकडे लोक वळतात, अशी तिथली रीत. मग घरातच तरावीह झाली की तो आणि त्याची बहीण बसायचे. आम्हीही बसू लागलो. एकात मासा जगवायचा होता, एकात झाड, एकात म्हातारा राजा. आमच्या हातून सगळे मेले. अभिप्राय आम्ही मराठीत सांगायचो, मुलगी इंग्रजीत लिहायची. तिने किती सौम्य केले ते अल्ला जाणे. कुठल्या तरी देशातल्या एकाने आमच्या मुलाच्या खेळाखाली लिहिले होते की, खोकला ऐकून मी थांबलो आणि आजीला फोन केला. हे दादींना समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "फिर? बुढिया ठीक है ना?"

निकाल सहरीच्या वेळी पाहिला. एकूण क्रमांक तीन आकडी होता, आवाजाच्या सदरात बराच वर. दादींनी खजूर पुढे करत विचारले, "पहिला कौन आया?"

मुलाने नाव सांगितले. तो खेळ त्याने खेळला होता.

"तूने उसको कित्ते दिये थे?"

"पाँच में से पाँच."

दादींनी मान हलवली आणि म्हणाल्या, अजान व्हायच्या आत पाणी पिऊन घ्या.