सरकतं छत

"काका, उघडायचंच आहे तर छत घालताच कशाला?" फॅब्रिकेटरनं टेप खटकन मिटवत विचारलं. दादाला उत्तर सुचेना, मलाही नाही. वाईजवळच्या आमच्या परसात, पूर्वी गोठा होता त्या जागी, दहा बाय दहाची वेधशाळा उभी राहत होती.

मार्गही शेवटी त्यानंच काढला. घुमटाचं त्यानं नीट ऐकूनही घेतलं नाही. "फाटक आडवं करतो," म्हणाला. बंगल्यांच्या सरकत्या फाटकाला असतात तसली खोबणीची चाकं, खाली उलटा अँगल, वर पत्रा. रूळ भिंतीबाहेर आणखी दहा फूट नेऊन दोन खांबांवर टेकवलेला. ढकललं की छत जाऊन चिंचेखाली उभं राहतं. मला घुमटापेक्षा हेच आवडतं. घुमटातून आकाशाची फोड मिळते, इथे अख्खं ताट.

दुर्बिणीच्या खांबाचं मात्र गवंड्याशी जमेना. हा खांब जमिनीत तीन फूट गेलेला, पण कोब्याला कुठेच चिकटायचा नाही, भोवती बोटभर फट. नाहीतर कुणी पाऊल टाकलं की शनी कड्यासकट थरथरतो. गवंडी भला माणूस. आम्ही जेवायला गेलो तेवढ्यात त्यानं ती फट 'राहिली होती' म्हणून सिमेंटनं भरली, वर सुबक घोटाईही केली. ती छिन्नीनं फोडताना त्याचा चेहरा बघवेना.

आरसा दादानं घरीच घासला. पाण्यानं भरलेल्या पिंपावर आठ इंची काच, तिच्यावर दुसरी, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती प्रदक्षिणा. देवळातसुद्धा त्यानं इतक्या घातल्या नसतील. वरच्या काचेला खळगा पडतो तो मध्यभागी जेमतेम दोन मिलिमीटर खोल. पण मग राळेच्या थरावर घोटत त्याचं वळण असं आणायचं, की मिलिमीटरच्या चौदा हजाराव्या भागाहून जास्त चूक उरता कामा नये. एका संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आली. दादाचे हात बरबटलेले. तिनं कप त्याच्या ओठाला लावला, आणि मला कॅरोलाइन आठवली.

इंग्लंडातलं बाथ गाव, १९ न्यू किंग स्ट्रीट. तिचा भाऊ विल्यम हर्शेल हॅनोव्हरहून आलेला, पोटापाण्यासाठी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. १३ मार्च १७८१ च्या रात्री त्यानं या घराच्या परसातून युरेनस शोधला, हे शाळेत सांगतात. शाळेत लीद सांगत नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं घरातच तीन फुटी आरसा ओतायला घेतला, काचेचा नव्हे, तांबं आणि कथलाचा. साचा घोड्याच्या लिदीचा. ती ढीगभर लीद खलात कुटायची आणि चाळणीनं चाळायची, हे काम कॅरोलाइनकडे. बाई १७७२ मध्ये भावाकडे आली ती गाणं शिकायला, मैफलीत गायला! धातू ओतायच्या वेळी भट्टी गळली, रस जमिनीवर पसरला आणि दगडी फरश्या तडातड फुटून उडू लागल्या. भाऊ, मजूर, सगळे दारांकडे धावत सुटले. एकदा आरसा घोटताना तो सोळा तास हात काढेना, तेव्हा हिनं त्याला घास भरवले. त्याचं काम चालू असताना ती डॉन किहोटे आणि अरबी सुरस कथा वाचून दाखवायची. पुढे १ ऑगस्ट १७८६ ला तिनं स्वतः धूमकेतू शोधला, एकंदर आठ शोधले. १७८७ पासून राजाकडून तिला वर्षाला पन्नास पौंड पगार मिळू लागला. तरी चरित्रकार तिला 'सहायक' म्हणतात. मला तो शब्द खपत नाही. कुटलेल्या लिदीचा हिशेब कुणी ठेवत नाही, एवढंच.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लीद परवडली. तुमच्या त्या पॉलिशचे गुलाबी डाग माझ्या टॉवेलांवरून निघत नाहीत."

वेधशाळा होळीच्या सुमारास झाली. बाथहून ध्रुव एक्कावन्न अंशांवर दिसतो, आमच्याकडून अठरा, म्हणजे बरोबर शेजारच्या काकूंच्या आंब्यामागे. आंबा तोडायचा विषयही कुणी काढला नाही. दक्षिणेकडचा एखादा तारा धरायचा, तो वर-खाली सरकतो का ते घड्याळ लावून बघायचं आणि खांबावरचा बोल्ट केसभर फिरवायचा, असं करत दादानं चार रात्रींत दुर्बीण जुळवली. पाचव्या रात्री शनी स्थिर होता. कुणी चाललं तरी.

सध्या जुलै आहे. छत बंद, चाकांना ग्रीस, फटींना रबरी पट्टी. दमट हवेत आरशावर बुरशी धरते म्हणून आत पंधरा वॅटचा बल्ब रात्रंदिवस जळतोय. अख्ख्या घरात तेवढी एकच कोरडी, उबदार खोली. वहिनी तिथे टॉवेल वाळत घालायला जाते आणि दादा घालू देत नाही.