दंड सर्वांत शेवटीं

लोणावळ्याचा पाऊस पाहावयास मुंबईपुण्याची मंडळी मोठ्या हौसेनें येतात, भुशीच्या पायऱ्यांवर भिजतात आणि संध्याकाळीं चिक्कीचे पुडे घेऊन परत जातात. वर्षास सुमारें ४,००० मिलिमीटर कोसळणारा हा पाऊस येथें राहणाऱ्यांच्या घरांत काय काय उद्योग करून ठेवतो, हें त्यांना कोठून ठाऊक असणार? कड्या, बिजागऱ्या, कुलुपें, शिवणयंत्राचें चाक, ज्यांत म्हणून लोखंड आहे त्यावर आश्विनापर्यंत तांबूस पूट चढलेंच म्हणून समजावें.

आमच्या पुतण्याची कामशेतास भाताची गिरणी आहे. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ आतां मावळाची ओळखच होऊन बसला आहे. तो घाटाखालीं खोपोलीस पोहोंचविण्यासाठीं पुतण्यानें एक जुनी मालमोटार ठेविली आहे. गेल्या पावसाळ्यानंतर ती एका अंगास झुकलेली दिसूं लागली. पाहतों तों मागच्या कमानीचा मुख्य पाटा मोडलेला! लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता ५०० मीटरांहून अधिक खालीं उतरतो. मोडक्या पाट्यामुळें चाकांचा आंस जागचा सरकला तर वळणावर काय प्रसंग ओढवेल, हें सांगावयास नकोच. आणि गाडीबरोबर पुतण्याचा थोरला मुलगा नेहमीं खालीं जात असे.

पाटा बदलावयाचा तर आंस व कमान एकत्र आवळून धरणारे दोन यू-बोल्ट आणि पाट्याच्या टोकाच्या वेढ्यांतून जाणारा आडवा बोल्ट आधीं निघाले पाहिजेत. ते तर वर्षानुवर्षांच्या चिखलपाण्यानें गंजून नटांशीं एकजीव झालेले. पुतण्या स्वभावानें तापट, आणि आम्ही जवळ उभे राहून "लाव जोर!" म्हणून त्यास चेतवीत होतों. पान्याला लांब नळी अडकवून दोघांनीं ओढ घेतली. कडकन् आवाज झाला. नट सुटला असें समजून आम्ही "शाबास!" म्हणालों. सुटलें कांहींच नव्हतें. बोल्ट पिरगळून तुटला होता आणि पुतण्याचीं बोटें आपटून सोलवटलीं होतीं.

तेव्हां महामार्गावरील एका कमानपाट्याच्या मिस्त्रीस बोलावणें धाडलें. तो आला, वांकून पायां पडला आणि म्हणाला, "गुरुजी, ओळखलंत का?"

आम्हीं ओळखलें. तीस वर्षांपूर्वीं आमच्या आठवीच्या संस्कृत वर्गांत शेवटच्या बांकावर बसणारा हा मुलगा. शब्दरूपें त्याच्या तोंडीं बसत नसत, आणि तीं बसविण्याचा आम्हांस ठाऊक असलेला एकच उपाय आमच्या उजव्या हातांत असे. एके दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. पुढें कधींच आला नाहीं. 'बरें झालें, आतां वर्ग पुढें सरकेल,' असें त्या वेळीं आम्ही मनाशीं म्हणालों होतों. हें आज लिहितांना लाज वाटते.

मिस्त्रीनें प्रथम चाकांना दगडांची अटक लावली आणि गाडीचा सांगाडा भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकविला. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये, हा त्याचा पहिला नियम. मग तारेच्या ब्रशानें बोल्टांचे आटे घांसून लख्ख केले, गंज सोडविणारें पातळ तेल नटांच्या सांध्यांत सोडलें आणि "रात्री आणखी दोनदा सोडा, सकाळी येतो," असें सांगून तो चक्क निघून गेला! रात्रीं तेलाची बुधली व विजेरी घेऊन आम्हीच दोनदां गाडीखालीं वांकलों.

सकाळीं त्यानें नटावर सहा बाजूंनीं बसणारा रिंग पाना चढविला आणि नट किंचित् आवळला. "अरे, सोडवायचा ना?" आम्हीं विचारलें. "गंजाची पकड मोडायची, गुरुजी. ती कुणीकडूनही मोडली तरी चालतं." लोखंडाचा गंज होतांना तें फुगतें, त्याचें आकारमान दुपटीहून अधिक होतें; आट्यांमधील फट अशा रीतीनें भरून जाते. म्हणून थोडें पुढें, थोडें मागें, मध्येंच नटाच्या अंगावर हातोडीचे बेताचे ठोके. दोन नट असे सुटले.

तिसरा हटेना. तेव्हां त्यानें तेल पुसून काढलें, डिझेलची टाकी, ब्रेकची नळी व रबरी बुश सांभाळून ज्योत केवळ नटावर धरली. मीटरभर लांब पोलादी सळई १०० अंशांनीं तापविली तर सव्वा मिलिमीटर वाढते. नटाची वाढ केसाच्या जाडीएवढीच, पण तेवढी पुरली. आडवा बोल्ट मात्र आंतल्या नळीशीं असा जडला होता कीं तो कापावाच लागला. यू-बोल्टही त्यानें सगळे नवे घातले. एकदां ताणलेले व तापविलेले बोल्ट पुन्हां विश्वासास पात्र नसतात.

लोक 'साम, दाम, दंड, भेद' असें म्हणतात. परंतु कौटिलीय अर्थशास्त्रांतील क्रम साम, दान, भेद, दंड असा आहे. दंड सर्वांत शेवटीं. तेल हें साम. रात्रभर दिलेला अवकाश हें दान. नट तापवून बोल्ट थंड ठेवणें हा भेद. आणि कापणें हा दंड, तोही एकट्या शेवटच्या बोल्टास. हा क्रम आम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतला आणि वर्गांत मात्र नेहमीं शेवटापासून आरंभ केला.

काम संपल्यावर आम्हीं त्यास बाजूस घेतलें आणि तुझ्यावर आम्हीं अन्याय केला, असें सांगितलें. तो बराच वेळ हात पुशीत राहिला. मग म्हणाला, "आठ दिवस गाडी चालली की नट पुन्हा आवळायला आणा. नवे बोल्ट थोडे सैल पडतात." दोन पावलें जाऊन तो वळला. "धाकटीनं नववीला संस्कृत घेतलंय, गुरुजी. पाठवू का तुमच्याकडं?"

मुलगी रोज संध्याकाळीं येते. एखादें रूप अडलें कीं आम्ही पुस्तक मिटतों आणि म्हणतों, "राहूं दे आज. उद्यां पाहूं."