बारा बाय अठरा

आमच्याकडे मोटार नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हा लेख गॅरेजविषयी आहे आणि मध्येच कोणीतरी "पण तुमची गाडी कुठली?" असं विचारण्याचा संभव आहे. आमच्या हिने ते पहिल्याच दिवशी विचारलं.

आहे ती एक स्कूटर. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पूर आला तेव्हा ती वाशिष्ठीच्या पाण्यात बुडून उभी होती. पाणी ओसरल्यावर तिच्या पोटातून निघालेला गाळ पाहून मेकॅनिक म्हणाला, "यात वांगी चांगली होतील." तरीही ती बिचारी पुन्हा सुरू झाली. एवढ्या निष्ठेच्या मोबदल्यात तिच्या डोक्यावर हक्काचं छप्पर असावं, असं माझ्या मनाने घेतलं. एवढ्यावरच थांबलो असतो तर चार खांब आणि दोन पत्रे यांत काम भागलं असतं. पण त्याच सुमारास ओहायोतल्या माझ्या चुलतभावाने एक फोटो पाठवला.

फोटोत लाकडी गॅरेज होतं. अर्ध्या भागात मोटार आणि अर्ध्या भागात वर्कशॉप. भिंतीवर हत्यारं प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी उंचीप्रमाणे टांगलेली. आणि मध्ये आमचा बंधू, हातात स्वतः केलेलं पक्ष्यांचं घरटं घेऊन उभा! हा माणूस शाळेत असताना पेन्सिलीला टोक काढून घ्यायला माझ्याकडे यायचा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी घरात जाहीर केलं, "आपण लाकडी गॅरेज बांधायचं. आत वर्कशॉपसकट."

विरोध होणार हे गृहीत धरून मी पुरावा तयार ठेवला होता. १९३९ साली अमेरिकेत पालो आल्टो गावी ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन तरुण इंजिनिअरांनी एका लाकडी गॅरेजात आपली कंपनी काढली. गॅरेज बारा फूट बाय अठरा फूट. भांडवल ५३८ डॉलर. वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने 'फँटेशिया' चित्रपटाच्या वेळी त्यांची आठ यंत्रं विकत घेतली आणि पुढे ते कुठल्या कुठे गेले. "थोडक्यात," मी म्हणालो, "जगातल्या मोठ्या गोष्टी गॅरेजात होतात."

"ते कुठे राहायचे?" हिने विचारलं.

"पॅकार्ड सपत्नीक पुढच्या घरात. ह्यूलेट मागच्या शेडमध्ये झोपायचा."

"मग तुम्हीही शेडमध्येच झोपणार का?" असं म्हणून ही आत गेली. हिच्या आवाजात विरोध नव्हता, हे मला जास्त लागलं.

मी बी.कॉम. आहे. कुठलंही काम अंदाजपत्रकाशिवाय सुरू करणं हा आमच्यात अधर्म समजला जातो. जुन्या लेजरचे उरलेले कोरे कागद घेऊन मी नकाशा काढायला बसलो. माप अर्थातच बारा बाय अठरा. भावाने तिकडचे नकाशेही पाठवले होते. त्यांत जिकडेतिकडे 'टू बाय फोर'ची लाकडं लिहिलेली. चौकशी केल्यावर कळलं की अमेरिकेत दोन बाय चार म्हणून विकतात ते लाकूड प्रत्यक्षात मोजलं तर दीड बाय साडेतीन इंचच भरतं. आणि हे सर्वांना ठाऊक असतं! आमच्या काउंटरवर पाचशेची नोट देऊन "ही चारशेची आहे, सर्वांना ठाऊक आहे" असं म्हटलं तर काय होईल, याचा मी बराच वेळ विचार करीत बसलो.

नकाशा टेबलावर चार दिवस राहिला. चूक झाली ती तिथे. आईने तो पाहिला आणि म्हणाली, "बरं झालं हो, पावसात माझी सोडणं भिजतात." स्कूटरच्या शेजारी नारळाची सोडणं आली. हिने आमसुलांच्या परातींसाठी एक फळी मागितली, मग तीन. चिरंजीवांची सायकल आली. मोडकं कपाट, "टाकायचं कसं" म्हणून, आलं. प्रत्येक जण पेन्सिलीने एक चौकोन काढून जात होता. रविवारी हिशेब केला तेव्हा वर्कशॉपला दीड फूट जागा शिल्लक होती. म्हणजे मी आत शिरलो तर हत्यारं बाहेर ठेवायची आणि हत्यारं आत ठेवली तर मी बाहेर.

शेवटी मेस्त्रींना बोलावलं. मेस्त्री सत्तरीचे. आमच्या पडवीचे वासे त्यांच्याच हातचे. त्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, आणि खाली ठेवला.

"खांब सागवानी घालू या का?" मी जाणकारासारखं विचारलं.

"घालू की. गॅरेज होईल. पण मग आत ठेवायला स्कूटर राहायची नाय."

त्यांनी खांब ऐनाचे, वासे किंजळीचे आणि दार फणसाचं ठरवलं. खांब मातीत पुरायचे नाहीत, चिऱ्याच्या जोत्यावर उभे करायचे, कारण लाकूड मातीला टेकलं की वाळवीला आमंत्रण दिल्यासारखंच. बुडाला काजूच्या टरफलांचं तेल. वर मंगलोरी कौलं. बारा फुटी, सहा बाय चार इंची खांबाला लाकूड किती लागेल, याचं गणित मी कागदावर मांडत होतो. बारा गुणिले सहा गुणिले चार, भागिले एकशे चव्वेचाळीस...

"दोन घनफूट," मेस्त्री विडी पेटवत म्हणाले. ते चौथी नापास आहेत.

मग त्यांचं बोट त्या दीड फुटावर येऊन थांबलं. "आणि हे काय?"

"वर्कशॉप," मी म्हणालो. "इथे एक उंच बाकडं हवं. त्यावर काम करायला."

"बाकडं कशाला? पाय हायत की." त्यांनी जमिनीवर फतकल मारली, जवळचा लाकडाचा तुकडा दोन तळव्यांत धरला आणि नसलेला रंधा त्यावरून फिरवून दाखवला. मग वर बघत म्हणाले, "पण भाऊ, तुम्ही करणार काय इथं?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र अंदाजपत्रकात नव्हतं.

मला बँकेत लागून बावीस वर्षं झाली. रोज दुसऱ्यांचे पैसे मोजायचे, संध्याकाळी टॅली जुळली की घरी यायचं, आणि उद्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून. लागलो तेव्हा निदान लेजरं तरी होती. आपल्या अक्षरातल्या आकड्यावर बोट ठेवून "हे मी लिहिलं" असं म्हणता यायचं. आता तेही नाही. आजवर मी काय केलं ते दाखवा, असं कोणी म्हणालं तर मला पासबुक दाखवावं लागेल, आणि तेही दाखवण्यासारखं नाही. मला एक वस्तू करायची होती. कुठलीही. हातातून खाली पडली तर आवाज होईल अशी.

हे सगळं मी मेस्त्रींना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "काहीतरी करीन म्हणतो."

मेस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी हत्याराची पेटी पुरात होती. पेटी गेली नाय. धारा गेल्या." नंतर त्यांनी एकेकीला तेल लावून, घासून ठेवलं: करवत, रंधे, पटाश्या, गिरमिट. पण आता वापरायच्या कुठे? पुरानंतर मुलाने वरच्या मजल्यावर ब्लॉक घेतला. तिथे एक खिळा ठोकला तरी शेजारी घंटी वाजवतात. मुलं या कामात नाहीत. फर्निचर खोक्यातून येतं, चार स्क्रू पिळले की उभं राहतं. पेटी पलंगाखाली आहे.

एवढं बोलून त्यांनी माझी पेन्सिल घेतली आणि बारा बाय अठरावर काट मारली. "दहा बाय बारा पुरे. स्कूटर ह्या अंगाला, सोडणं बाहेर, कपाट भंगारात. ही सहा फूट मोकळी. आणि हा माळा."

"माळा कशाला?"

त्यांनी पडवीच्या भिंतीकडे बोट केलं. पुराची रेघ अजून आहे. दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात वर येते. "त्या रेघेच्या वीतभर वर. पेटी तिथं राहील." जरा थांबून म्हणाले, "दुपारचा मी येऊन बसेन म्हणतो. चालेल ना?"

लाकूड एक उन्हाळा वाळल्याशिवाय हात लावायचा नाही, हा मेस्त्रींचा हुकूम आहे. तेव्हा गॅरेज अजून कागदावरच आहे आणि वर्कशॉप पडवीत भरतं. दर रविवारी मी जमिनीवर बसतो. उठताना दोघे जण लागतात. पहिला धडा पाटाचा. फणसाची फळी मेस्त्रींनी दिली. खालचे दोन पाय मी कापले. एक पाय दोन सूत कमी भरला.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "काही हरकत नाही," मी म्हणालो, "दुरुस्त करू." बावीस वर्षांची सवय! चुकीची नोंद झाली की उलटी नोंद टाकायची. खातं पुन्हा होतं तसं.

मेस्त्री हसले. "कापलेलं लाकूड वाढत नाय, भाऊ."

त्या दिवशी मला कळलं की मी आयुष्यात पहिल्यांदाच एक खरीखुरी चूक केली आहे. ती कोणाला रिव्हर्स करता येणार नाही. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनासुद्धा नाही.

पाट मी मोडीत काढणार होतो, पण आईने तो उचलून देवघरापुढे नेला. रोज सकाळी ती त्यावर पूजेला बसते. पाट तिच्यासकट उजवीकडे दोन सूत कलतो, मग डावीकडे येतो. "डुलतोय रे हा," ती म्हणते.

"दुसरा करतो, आई."

"कर. पण हा राहू दे," असं म्हणून ती घंटा वाजवते.

मी आतल्या खोलीत आवरत असतो. मला फक्त पाटाचा आवाज येतो. टक. टक.