नाचोज व्हाया नांदेड-लातूर

नाचोज म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? मल्टिप्लेक्सचं इंटरव्हल, चीजची वाटी आणि खिशाला बसलेली चाट! पण 'गोड-तिखट डेझर्ट नाचोज' कधी खाल्लेत? थर्टीफर्स्टला मैत्रिणींना तेच खिलवायचं प्रॉमिस मी करून बसले होते. ट्रायल कुठे घ्यायची? अर्थात आजीकडे, लातूरला! वेळा अमावस्येसाठी जायचंच होतं.

देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी नांदेडला उतरले. थेट सचखंड गुरुद्वारा गाठला. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचं निर्वाण झालं ते याच नांदेडात. हातावर गरम कडा प्रसाद पडला. कणीक, तूप, साखर समसमान, बस्स! तुपाळ हातानेच लातूरचा लाल डबा पकडला. लोहा, अहमदपूर, चाकूर... खिडकीबाहेर रब्बीची ज्वारी, हरभरा आणि आत तुफान गर्दी. लातूरला सॅक उघडली, तर नाचोजच्या पाकिटाचा पार भुगा!

''तोंड कशाला पाडतीस माय? हाय की आपल्याकडं,'' म्हणत आजीने टोपल्यातून दोन दिवसांची वाळलेली ज्वारीची भाकरी काढली. मी गप्प. पुण्याच्या हॉस्टेलवर डब्यातली हीच भाकरी मी रूममेट्सपासून लपवून खायचे. गावंढळ म्हणतील ना!

विषय बदलायला मी तिला नाचोजची गोष्ट सांगितली. मेक्सिकोतलं पिएद्रास नेग्रास गाव, साल १९४३. अवेळी गिऱ्हाईक आलं, तेव्हा इग्नासिओ अनाया ऊर्फ 'नाचो' यांनी मक्याच्या रोटीचे तळलेले तुकडे, चीज आणि मिरची अशी डिश जमवून दिली.

''म्हंजे पाव्हणे आले आन् घरात काय नव्हतं, आसंच ना?'' आजी हसली. मग म्हणाली, ''बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो खाल्ली आम्ही. लेकरं तोंडं वाकडी करायची. आता तू पैशे देऊन तिकडचे पापड आणतीस!''

१९७२ मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. आजीने ते खाल्लं होतं. तिच्या घरात वाळकी भाकरी कधीच का फेकली जात नाही, ते त्या दुपारी कळलं.

मग लागलो कामाला. दोन पातळ भाकरींचे तिकोनी तुकडे थोड्या तुपावर मंद आचेवर कुरकुरीत केले. अर्धी वाटी गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून चिकट होईपर्यंत उकळला. त्यात अर्धा चमचा लाल तिखट, चिमूटभर सुंठ आणि मीठ. पाक तुकड्यांवर ओतला, वरून भाजलेले तीळ आणि शेंगदाण्याचं जाडसर कूट. सोबत डिप म्हणून घट्ट दही. पाक ओतल्यावर लगेच खायचं हं, नाहीतर भाकरी मऊ पडते. आधी गूळ लागतो, मग घशाशी तिखट चढतं. सॉलिड!

दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याच्या कोपीपुढे पूजा झाली. भज्जी, आंबील, गव्हाची खीर आणि पंगतीत माझे नाचोजही! आजीने एक तुकडा चावला. ''बरंय. तिखट कमी पडलं.''

थर्टीफर्स्टला प्लेट दहा मिनिटांत साफ. ''चिप्स कुठल्या ब्रँडच्या गं?'' एकीने विचारलं.

''आजीच्या. ज्वारीची भाकरी आहे, दोन दिवसांची,'' मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.